रेक्झिनचा पंजा

बाबा, आजची खिचडी वाटून झाली, भांडे घासून पालथे घातले, अन् घरी जायचं सोडून मी शाळेच्या शेडमध्येच पाटावर बसली आहे. घर रिकामं आहे. पोरगी सकाळच्या जीपनं अमरावतीले मॅच खेळायले गेली, तुमचे जावई दुकानात आहे, अन् माह्या डोक्यात जे इतक्या दिवसांपासून उकळून राह्यलं ते कोणाच्या अंगावर ओतावं हे मले समजून नाही राह्यलं. शाळेतले खेळाचे सर पोरींसंगं गेले. शेजारणीवर ओतलं तं ते बिचारी काही न करता शिव्या खाईन. म्हणून तुम्ही. तुम्हाले जाऊन एवढे वर्षं झाले की तुमच्या मागं जन्मलेली ही पोरगी आता नववीत आहे, पण माहं तुमच्याशी भांडण काही संपलं नाही. तिच्या जुन्या वहीचे कोरे पानं फाडून घेतले आहे. अक्षराले हसू नका. कोंबडीनं पाय फिरवल्यासारखं आहे, अन् ते तसं काऊन आहे हे तुमच्याएवढं कोणाले माहीत नाही.

पहिले पोरीचं सांगते. तुमची नात डावखुरी आहे. वर्षाची होती तव्हा तिनं पोळीचा कुटका डाव्या हातानं उचलला अन् तोंडात कोंबला. मी चुलीपाशी होती. पाह्यलं, अन् भाकर थापत राह्यली. मंग पाटी डाव्या हातात, कंगवा डाव्या हातात, झाडू डाव्या हातात. शेजारीण म्हणे, "वळण लाव वं तिले, सासरचे काय म्हणतीन?" मी म्हणली, "सासरचे तिच्या हातानं जेवणार आहे का? ते त्यायच्या हातानं जेवतीन." तव्हापासून शेजारीण तो विषय काढत नाही. मी पोरीले कधी टोकलं नाही, कधी फडका बांधला नाही. लोकं म्हणतात मी तोंडाळ आहे, आहेच मी, पण त्या एका बाबतीत मी तोंड बंद ठेवलं.

माह्या हाताले तुम्ही फडका बांधला. तुमच्याच जुन्या पंचाचा काठ होता तो, लाल रेघेचा. ताट वाढलं की माय गप बसून राह्यची अन् तुम्ही स्वतः उठायचे. माहा डावा हात मागं घ्यायचा, मनगटाले दोन वेढे, गाठ, अन् दुसरं टोक परकराच्या नाडीत. जेवण होईपर्यंत मी एका हाताची. उजव्या हातानं घास तोंडापर्यंत जाता जाता अर्धा भात मांडीवर पडायचा अन् तुम्ही म्हणायचे, "डावरी, सांडू नोको." हात बांधणारे तुम्ही, अन् सांडणारी मी. शाळेत गुरुजीले तुम्हीच सांगून ठेवलं होतं की डाव्या हातात पेन्सिल दिसली की पट्टी मारा. त्यानं मारली. उजव्या हातानं मले अक्षर येईना अन् डाव्यानं काढलं की पट्टी, म्हणून मी काहीच काढेनाशी झाली. पाटी कोरी घेऊन बसायची. चौथीत गुरुजीनं तुम्हाले सांगतलं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. डोक्याचा काय संबंध होता, बाबा? तुम्ही एवढंबी विचारलं नाही. घरी येऊन म्हणले, "तुह्यानं लिहिणं होत नाही, पुऱ्या लाटाले चाल." लाटाले दोन्ही हात लागतात. तिथं तुमची काही हरकत नव्हती.

तुम्ही आचारी माणूस. सुलतानपूरपासून हिवऱ्यापर्यंत कोणाचं लग्न असो का तेरवी, कढई तुमचीच चढायची. मांडवाच्या मागं कनात लावलेली, कनातीमागं मातीत खोदलेल्या लांब चुली, धूर, तेलाचा वास, अन् त्या सगळ्यात तुम्ही बनियनवर, खांद्यावर पंचा टाकून उभे. मी लाटलेल्या पुऱ्या परातीत घेऊन तुमच्या उजव्या बाजूले उभी राह्यची. एक-एक पुरी तुमच्या हातात द्यायची. तुम्ही ती तेलात सोडायचे, झाऱ्यानं हलकी दाबायचे, ती टम्म फुगून वर यायची. त्या जागेवरून मी हललेलं तुम्हाले चालायचं नाही. एकदा डाव्या बाजूनं परात घेऊन आली तं खेकसले होते, "तिकडून नाही, इकडून." मले वाटायचं, असंन काही कामातली रीत. मांडवात तुम्ही कधी पाय ठेवत नव्हते. नवरीचा बाप येऊन हात जोडायचा, "भाऊ, एक घास आग्रहाचा तुमच्या हातानं वाढा ना पंगतीले." तुम्ही म्हणायचे, "माहं काम इथं आहे, तिथं नाही." लोकं म्हणत मोठा घमेंडी आचारी आहे. मले त्याचा अभिमान वाटायचा, इतकी येडी होती मी.

सुलतानपूरचं ते लग्न तुम्हाले आठवत असंन. वाढणारे पोट्टे नवरदेवाच्या घोड्यामागं नाचायले गेले होते, पंगत बसली होती, अन् वरण वाढायले माणूस नव्हता. कोणीतरी माह्या हातात बादली दिली. मी बारा-तेरा वर्षाची. बादली जड, म्हणून ती उजव्या हातात धरली अन् डाव्या हातानं वरण वाढत चालली. चांगलं वाढून राह्यली होती मी, एक थेंब बाहेर नाही. तं एका म्हाताऱ्यानं आपली पत्रावळ मागं ओढली. "डाव्या हातानं वाढते? कोणाची पोट्टी हे?" सगळी पंगत थांबली. हातातले घास हातात. अन् तव्हा तुम्ही कनातीतून बाहेर आले. जिंदगीत पहिल्यांदा मी तुम्हाले मांडवात पाह्यलं. मले वाटलं बादली घ्यायले आले. तुम्ही माह्या सामोर उभे राह्यले अन् माह्या कानाखाली अशी ठेवून दिली की कानात शिटी वाजली. मी बादली सोडली नाही. वरण सांडलं नाही. हे त्या पंगतीतल्या कोणालेच दिसलं नाही, पण मी पाह्यलं. त्या कानानं आजबी मले धड ऐकू येत नाही. फोन मी दुसऱ्या कानाले लावते. परत येताना मेटाडोरमध्ये, भांड्यांच्या मधात बसलेली असताना, तुम्ही माह्या ओच्यात बुंदीचे दोन लाडू टाकले. मले वाटलं होतं फेकून द्यावे. खाल्ले. भूक लागली होती.

आता तुमच्या नातीचं ऐका. खिचडीची भांडी घासायले ते मधल्या सुट्टीत माह्याजवळ यायची. सहावीत होती. मैदानावर मोठ्या पोरी बेसबॉल खेळत होत्या. तुम्हाले हा खेळ माहीत नाही, मलेबी नव्हता. एक पोरगी बॉल फेकते, सामोरची बॅटनं मारते, अन् मारून चार कोपऱ्यांच्या मैदानाले चक्कर मारून परत आली की तिचा रन. तं तो बॉल घरंगळत आमच्या शेडपाशी आला. पोरीनं राखेचा हात तसाच, बॉल उचलला अन् फेकला. सरळ गेला, जिथून आला होता तिथंच, त्या पोरीच्या छातीशी. जुने सर मैदानावरून चालत आले. चांगला माणूस, बोलायले मऊ. त्यानं तिचा डावा हात धरून उलटा-सुलटा पाह्यला, राखेसकट, अन् मले विचारलं, "मावशी, हा हात कोठी लपवला होता?" मले रडू आलं होतं. मी सरले म्हणली, "धूर आहे इथं लय." डाव्या हातानं फेकलेला बॉल येगळ्याच बाजूनं येते म्हणे, मारणाऱ्या पोरींच्या डोळ्याले त्याची सवय नसते. ज्या हातापायी मले शाळेतून काढलं त्याच हातापायी माही पोरगी शाळेच्या टीममध्ये गेली. त्या दिवशी पहिल्यांदा मले वाटलं होतं की तुम्ही असायले पाहिजे होते. पाहायले. दुसऱ्या कशाले नाही.

पण त्या खेळात एक गोष्ट आहे. ज्या हातानं फेकत नाही त्या हातात चामड्याचा मोठा पंजा घालायचा असते, आलेला बॉल धरायले. सर त्याले ग्लोव्ह म्हणतात. शाळेच्या पेटीतले सगळे पंजे डाव्या हातात घालायचे, कारण बाकीच्या सगळ्या पोरी उजव्या हातानं फेकतात. माह्या पोरीले उजव्या हातात घालायचा पाहिजे, अन् तसा एकबी नाही. मंग ते काय करायची, डाव्या हाताचाच पंजा उजव्या हातात उलटा कोंबायची. अंगठ्याच्या जागी करंगळी, करंगळीच्या जागी अंगठा. तशीच खेळली. जिल्ह्याच्या मॅचमध्ये एक बॉल असा जोरात येऊन बसला की करंगळी वांग्यासारखी सुजली. मी मैदानात शिरून आरडाओरडा केला, पण पोरीनं ऐकलं नाही, फेकत राह्यली, अन् आमची शाळा जिल्ह्यात पहिली आली. त्याच्या नंतर जुन्या सरची बदली झाली. नवे सर आले. तरणे, शिट्टीवाले, घड्याळाकडं पाहून बोलणारे.

त्या दिवशी मी मोठ्या गंजात खिचडी हलवून राह्यली होती. ढवळायचा लोखंडी सराटा हातात, अन् सहज मान वर केली. मैदानावर पोरी ओळीनं उभ्या, अन् मधात माही पोरगी. तिचा डावा हात मागं. मले वाटलं खाजवून राह्यली असंन. मंग तिनं उजव्या हातानं बॉल फेकला. तो चार पावलावर पडला. पोरी हसल्या. तिनं दुसरा उचलला, तोबी पडला. अन् ते वळली तव्हा मले दिसलं. शाळेच्या ओढणीनं तिचा डावा हात कमरेले बांधला होता. मनगटाले दोन वेढे, बाबा. दोन.

खिचडी कोणी उतरवली मले माहीत नाही. मी सराटा घेऊन तशीच मैदानात गेली. सर म्हणाले, "मावशी, तुम्ही खिचडीकडे बघा." मी म्हणली, "खिचडीकडं मी सकाळपासून पाहून राह्यली, आता तुमच्याकडं पाहते. हे कोणी बांधलं?" ते म्हणाले, "मीच. सवय लागावी म्हणून. तिच्याच फायद्याचं आहे." "कोणता फायदा?" "मागच्या मॅचला तिचं बोट सुजलं तेव्हा तुम्हीच आरडाओरडा केला होता, असं ऐकलंय मी. उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह शाळेकडे नाही. मागवला तरी मॅचच्या आधी येणार नाही. उद्या बोट मोडलं तर लोक मलाच धरतील. उजव्यानं फेकायला शिकली की प्रश्न मिटला." मी म्हणली, "तिचा नाही मिटला. तुमचा मिटला. आणा तुमचा उजवा हात इकडं. बांधते मी याच ओढणीनं, अन् महिनाभर हजेरी डाव्या हातानं मांडा. सवय लागन." मागून एक पोरगी फिसकन हसली. सरचं तोंड लाल झालं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मी म्हणत नाही. बोट सुजलं होतं, ते खरंच होतं. पण मले सगळ्यात जास्त राग त्याचा नाही आला. पोरगी खाली मान घालून म्हणली, "आई, जाय ना तू." तिनं स्वतः काही म्हणलं नव्हतं. बांधून घेतला होता हात, गुमान, जसा मी बांधून घ्यायची. मी गाठ सोडली. गाठ घट्ट नव्हती. तुमचीबी नसायची. गाठ घट्ट नसते अन् तरी माणूस हात काढत नाही, हेच तं खरं आहे त्यातलं. सर म्हणाले, "ठीक आहे. ग्लोव्ह आणा, मग डाव्यानं खेळवतो. नाही आणला तर उजव्यानं, नाहीतर बाहेर बसेल."

घरी आली तं तुमचे जावई जेवत होते. तुम्ही पाह्यलेलाच माणूस आहे, ट्रॅक्टरचे सीट अन् जीपचे हूड शिवणारा, दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा. त्यायनं सगळं ऐकलं अन् म्हणले, "सर म्हणते तं करू दे ना उजव्यानं. तूबी उजव्यानंच करते सगळं." मी त्यायच्या ताटातली भाकर उचलून घेतली. म्हणली, "अख्ख्या जीपले टोपी शिवता, पोरीच्या एका हाताले नाही शिवता येत?" ते म्हणले, "हाताले पाच बोटं असतात वं. जीपले नसतात." पण उठले. पोरीले म्हणले, शाळेच्या पेटीतला फाटका पंजा माग एखादा. रविवारी दुकान उघडून बसले. फाटक्या पंजाची एक-एक शिवण उसवली, सगळे तुकडे टेबलावर मांडले, रेक्झिनवर ठेवून खडूनं आखले, कापले, आत जुन्या सीटचा फोम भरला, अन् मशीनवर शिवून काढलं. काळं रेक्झिन, कडेनं ट्रॅक्टरच्या सीटले लावतात ती लाल पट्टी. देखणा झाला होता. पोरीनं उजवा हात घातला. अंगठा पुन्हा करंगळीच्या जागी.

"पप्पा, हा बी शाळेतल्यासारखाच झाला."

झालं होतं असं की सीटचं रेक्झिन मागच्या अंगानं आखतात, अन् नमुनाबी पालथा ठेवून आखतात, म्हणजे शिवून सुलटं केलं की नमुन्यासारखंच येते. इतक्या वर्षांची सवय. इथं पाहिजे होतं उलटं, अन् या माणसानं हातच्या सवयीनं नमुना पालथाच ठेवला. त्यायनं पंजा स्वतःच्या डाव्या हातात घालून पाह्यला, मूठ उघडझाप केली. म्हणले, "म्हणजे मी बराबर शिवला." मी म्हणली, "लय बराबर शिवला. आता चुकीचा शिवा." पोरगी हसून हसून टेबलाखाली बसली. मी हसली नाही. मंग हसली. दुसरा पंजा तिच्या हातात असा बसला की तिनं जेवतानाबी काढला नाही.

अन् आता ते सांगते ज्यासाठी हे सगळं लिहायले घेतलं. पोरगी म्हणली, "आई, आंगणात सामोर उभी राय, माहा बॉल धर." मले तो पहिला पंजा दिला, बराबर शिवलेला. मी डाव्या हातात घातला, पदर खोचला, उभी राह्यली. तिनं हात मागं नेला अन् फेकला. बॉल माह्यापर्यंत आला तो माह्या उजव्या बाजूनं आला. मी पंजा पुढं केलाच नाही. खाली बसली अन् कान झाकला. उजवा कान. बॉल भिंतीले लागून अंगणात परत आला. पोरगी म्हणली, "लागला नाही तुले. कान काऊन धरते?" मी तिले म्हणली पुन्हा फेक. पुन्हा फेकला, पुन्हा तिकडूनच. म्हणली, आता उजव्यानं फेक. तो वाकडातिकडा आला, पण डाव्या बाजूनं आला. तुमचे जावई ओट्यावर बसून पाहून राह्यले होते. मी त्यायले सामोर उभं केलं अन् म्हणली, "मले मारायले हात उचला." ते म्हणले, "कायले? मले जगायचं आहे." म्हणली, उचला म्हणते ना. त्यायनं उचलला. उजवा. तो माह्या डाव्या गालापाशी आला.

मी ओट्यावर बसली. तुम्ही माह्या सामोर उभे होते, बाबा. बादली माह्या उजव्या हातात होती. अन् शिटी वाजली ते उजव्या कानात. तुम्ही मले डाव्या हातानं मारलं.

मंग सगळंच आठवलं. परात घेऊन मी तुमच्या उजव्या बाजूले काऊन उभी राह्यची. पुरी तुम्ही उजव्या हातात घ्यायचे, कारण झारा डाव्या हातात असायचा. बाकी कोणत्या आचाऱ्याजवळ पोरं त्या बाजूनं उभे राह्यलेले मी पाह्यले नाही. कनातीमागं तुमचा हात मोकळा होता. मांडवात तुम्ही जात नव्हते ते घमेंडीपायी नाही. वाढायले गेले असते अन् आग्रहाच्या नादात पळी डाव्या हातात गेली असती, तं तुमचीबी पत्रावळ कोणीतरी मागं ओढली असती. म्हाताऱ्यानं विचारलं, कोणाची पोट्टी हे, अन् मी तुमचं इतक्या वर्षांचं झाकलेलं भर पंगतीत वाढून राह्यली होती. तुम्ही भेले. भेले म्हणून धावत आले, अन् भ्यालेल्या माणसाले कोणता हात उचलायचा ते सुचत नाही, जो खरा असते तोच उठते.

लोकं म्हणतीन, मंग आता तरी बाईचा राग जाईन. वाढला, बाबा. अडाणी बाप होता, त्याले काय समजते, असं म्हणून मी इतके वर्षं तुम्हाले अर्धं सोडून दिलं होतं. पण तुम्हाले तं माहीत होतं. एका हातानं जेवताना भात मांडीवर कसा पडते ते माहीत होतं. बांधलेल्या मनगटाले मुंग्या कशा येतात ते माहीत होतं. पाटी कोरी काऊन राह्यते ते गुरुजीले माहीत नव्हतं, तुम्हाले होतं. तुमच्या हाताले कोणी बांधलं, आज्यानं का आणखी कोणी, ते मी विचारत नाही. विचारलं की मले तुमची कीव येईन, अन् मले ते सध्या परवडत नाही. मले चौथीनंतरची शाळा पाहिजे होती. तुम्हाले फक्त एक दिवस ताटावर बसताना उठायचं नव्हतं. एवढंच करायचं होतं. काही न करणं. ते मी केलं माह्या पोरीसाठी, काही कठीण नसते ते.

इथपर्यंत लिहिलं अन् फोन वाजला. सरच्या फोनवरून पोरगी. "आई, हरलो." मी म्हणली, "कोणत्या हातानं?" तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मंग म्हणली, "डाव्या." मी म्हणली, "मंग रडते कायले?" म्हणली, "रडत नाही, धूर आहे इथं." कोणाची पोट्टी आहे ते तिथं समजते. मागून सरचा आवाज आला, फोन त्यायनं घेतला. "मावशी, पंच आधी तो ग्लोव्ह चालवायला तयार नव्हते. मी बोललो त्यांच्याशी. एका रननं गेली मॅच. आणि अंगठ्यापाशी शिवण उसवली आहे. पुढच्या वेळी दुहेरी दोरा घालायला सांगा." मी हो म्हणली अन् फोन ठेवला. पुढच्या वेळी म्हणाले ते. चांगल्या कानानं ऐकलं मी.

आता एक राह्यलं, ते लिहिते अन् पानं घडी करून तांदळाच्या पिंपामागं सारते. पाठवायचं तं कोठी. सकाळी पोरगी निघाली तव्हा मी दह्यात साखर कालवली, कामाले जाणाऱ्या लेकराच्या हातावर ठेवतात तशी. ते दारात उभी, बूट घातलेली, पंजा काखेत. तिनं हात पुढं केला. डावा. अन् माह्या तोंडातून निघालं, "उजवा कर." तिच्या अख्ख्या जन्मात पहिल्यांदा. मी ते ऐकलं तव्हा ते बोलून झालं होतं. तिनं हात बदलला, दही चाटलं, अन् जाता जाता म्हणली, "आता तुह्या अंगावर सराटा घेऊन कोण येईन?" जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला होता. जीप फाट्याले वळेपर्यंत मी दारात उभी होती, दह्याची वाटी हातात घेऊन. उजव्या.